जाळीची किंमत

पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात कुजत ठेवले की त्यातला मऊ हिरवा गर जिवाणू खाऊन टाकतात आणि हलक्या हाताने धुतल्यावर उरते ती जाळी. वहीच्या पानांत जपलेली किंवा गणपती रंगवलेली अशी जाळी मराठी घरांना नवी नाही. ती शोभेची वस्तू म्हणून इतकी ओळखीची झाली आहे की तिच्यातली खरी नवलाची गोष्ट नजरेतून सुटते. म्हणून एकदा ती भिंगाखाली धरावी. देठातून आलेली जाड मध्यशीर निमुळती होत पानाच्या लांब शेपटीपर्यंत जाते. तिच्यापासून दोन्ही बाजूंना उपशिरा फुटतात. इथवर सगळे झाडाच्या फांद्यांसारखे आहे. पण उपशीर पानाच्या कडेला जाऊन संपत नाही. कडेच्या जरा अलीकडे ती वळते आणि वरच्या उपशिरेला जाऊन मिळते. दोन उपशिरांमधल्या जागेत आणखी बारीक शिरा पसरतात आणि त्याही एकमेकींना मिळतात. त्यांच्या आत त्याहून बारीक. खिडकीत खिडकी, तिच्यातही खिडकी. अगदी शेवटच्या, उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या खिडकीत मात्र केसासारखी एखादी शीर आत शिरते आणि कुणालाही न मिळता तिथेच थांबते. म्हणजे पानातल्या शिरा फांद्यांसारख्या फुटतात खऱ्या, पण फुटून पुन्हा जुळतात. नदीला मिळणाऱ्या ओढ्यांचे तसे होत नाही, आणि आंब्याच्या फांद्याही वर जाऊन एकमेकींत शिरत नाहीत. मग पानाला या जुळणीची गरज का पडली? शाळेच्या पुस्तकात ‘जाळीदार शिराविन्यास’ हे नाव पाठ करून आपण पुढे जातो. नाव मिळाले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. प्रश्न मात्र तिथूनच सुरू होतो, कारण जाळी महाग असते.

महाग कशी, ते साध्या हिशेबाने कळते. एका उगमापासून हजार ठिकाणी पाणी पोचवायचे असेल तर जोडणीचे हजार तुकडे पुरतात. हजार-एकावा तुकडा टाकला की कुठे तरी एक फेरा तयार होतो, आणि त्या फेऱ्याने एकही नवे ठिकाण जोडले जात नाही. महाराष्ट्रातल्या धरणांचे कालवे याच काटकसरीने आखलेले असतात. मुख्य कालव्यातून शाखा कालवा, त्यातून वितरिका, मग लघुवितरिका, शेवटी शेतचारी. खोदाई कमीत कमी, आणि पाणी एकाच दिशेने उतरत जाते. या रचनेचे दुखणेही सगळ्यांना ठाऊक आहे. वर कुठे कालवा फुटला की त्याच्या खालचे सगळे कोरडे, आणि वरच्यांनी जास्त उपसले की टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचतच नाही. त्याच्याकडे यायला दुसरी वाटच नसते. शहरातल्या नळयोजनेत मात्र अभियंते मुद्दाम काही नळ परस्परांना जोडून फेरे तयार करतात. खर्च वाढतो, पण एका ठिकाणी दुरुस्तीसाठी झडप बंद केली तरी पुढची वस्ती तहानलेली राहत नाही. पानातली शीर काही फुकट मिळत नाही. पाणी वाहणाऱ्या तिच्या नळ्यांच्या भिंती लिग्निनने जाड केलेल्या असतात आणि ते बनवायला वनस्पतीला साखर खर्च करावी लागते. शिवाय जितकी जागा शीर व्यापते तितक्या जागेत अन्न तयार करणाऱ्या पेशी बसत नाहीत. सपुष्प वनस्पतींच्या पानांत एका चौरस मिलिमीटरमध्ये सरासरी सुमारे ८ मिलिमीटर लांबीच्या शिरा भरलेल्या असतात. त्या चौकटी-चौकटींनी मांडल्या आहेत असे धरले तर प्रत्येक खिडकी जेमतेम पाव मिलिमीटरची होते. इतका दाट पसारा मांडणाऱ्या वनस्पतीला वायफळ फेरे परवडणारे नाहीत. तरीही फेरे आहेत, आणि अगदी वरपासून खालपर्यंत आहेत. तेव्हा ते कशाची तरी किंमत म्हणून मोजलेले असणार.

माझे म्हणणे असे की ही किंमत नुकसानीच्या तरतुदीची आहे. पान एकदा पूर्ण उमलले की त्याच्या शिरांचा आराखडा ठरून जातो. किडीने मध्यशीर कुरतडली म्हणून त्याला नवी मध्यशीर फुटत नाही. कातडीवरची जखम भरते तशी पानाची भरत नाही, फार तर तिच्या कडा वाळून बंद होतात. आणि पान तर पातळ, उघडे, वाऱ्या-गारांत लोंबकळणारे आणि किड्यांना आवडणारे. ज्या वस्तूला इजा होणार हे नक्की आणि जी दुरुस्त होणार नाही हेही नक्की, तिने दुसरी वाट आधीच बांधून ठेवावी हे ओघाने आले. या विचाराला गणिताचा आधार बराच उशिरा मिळाला. ठरावीक साहित्यातून कमीत कमी ऊर्जा वाया घालवणारे वाहिन्यांचे जाळे कोणते, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांनी सोडवला तेव्हा मागणी स्थिर आहे असे धरल्यास उत्तर नेहमी फांद्यांचेच आले, फेरा एकही नाही. २०१० साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात पाठोपाठ दोन निबंध आले, एक फ्रान्सिस कॉर्सन यांचा आणि दुसरा एलेनी कॅटिफोरी, गेर्गेली सोलोसी व मार्सेलो मॅग्नास्को यांचा. त्यांनी अट बदलली. जाळ्याचा कोणताही एक तुकडा तुटू शकतो आणि तरीही सगळीकडे पुरवठा चालला पाहिजे, असे धरल्याबरोबर गणितातून फेरे उगवले, आणि तेही मोठ्या फेऱ्यात लहान, त्याच्यात आणखी लहान, असे पानासारखेच. कॅटिफोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला प्रत्यक्षाची जोड दिली. लिंबाच्या पानाच्या मध्यशिरेला भोक पाडून त्यांनी देठातून चकाकणारा रंग सोडला. रंग भोकापाशी आला, बाजूच्या शिरांतून वळसा घालून गेला आणि पलीकडच्या भागात पोचला. मग तेच गिंको या झाडाच्या पानावर करून पाहिले. गिंकोच्या पंख्यासारख्या पानात शिरा दोन-दोन फाट्यांनी फुटत जातात आणि सहसा पुन्हा मिळत नाहीत. तिथे भोकापलीकडचा पट्टा कडेपर्यंत अंधारातच राहिला.

यावर जो पहिला आक्षेप येतो तो याच निबंधांतून येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. तुकडे तुटण्याऐवजी पानाची मागणी जागोजाग बदलते असे धरले तरी गणितातून फेरेच निघतात. आणि मागणी खरोखर बदलते. पानाच्या एका भागावर ऊन पडते, दुसऱ्यावर सावली. पर्णरंध्रे कुठे उघडी तर कुठे मिटलेली. मग इजेची कथा कशाला हवी? ऊन-सावलीच्या खेळानेच जाळी विणली असे का म्हणू नये? या आक्षेपातला खरा भाग मला मान्य आहे. नुसत्या आकारावरून हे दोन हेतू वेगळे काढता येत नाहीत. फेरा कामाचा आहे इतकेच आकार सांगतो, कशासाठी ते सांगत नाही. म्हणून आकार सोडून वागणुकीकडे वळावे लागते. लॉरेन सॅक आणि सहकाऱ्यांनी २००८ साली वेगवेगळ्या जातींच्या पानांच्या मुख्य शिरा कापून पाणी वाहण्यावर काय परिणाम होतो ते मोजले. एकच मध्यशीर असलेल्या पानांना घाव जास्त जाचला. एरंडासारख्या हाताच्या पंजाच्या आकाराच्या पानांत देठापासूनच अनेक मुख्य शिरा निघतात. अशा रचनेच्या पानांनी तोच घाव सहज सोसला. एका वाटेवर भिस्त असण्यात धोका आहे, हे यात मोजमापाने दिसले. दुसरी गोष्ट दुष्काळाची. माती वाळत जाते तसा शिरांमधल्या पाण्यावरचा ताण वाढतो आणि एका टप्प्यावर नळीत हवेचा बुडबुडा शिरून ती निकामी होते. टिम ब्रॉड्रिब आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वाळत्या पानांत हे बुडबुडे पसरताना टिपले. त्यात जाड शिरा बारीक शिरांच्या आधी निकामी होतात असे दिसले. म्हणजे पानाचा राजरस्ताच आधी बंद पडतो. अशा वेळी गल्लीबोळांनी एकमेकांशी जोडलेले असणे म्हणजे जीव वाचवणे. तुटणे म्हणजे कुरतडले जाणे एवढेच नव्हे. आतून बंद पडणे हेही तुटणेच आहे, आणि कोरड्या ऋतूत ते पानाच्या नित्य अनुभवातले आहे.

तरीही सर्वांत बोलका पुरावा वनस्पतीकडून येत नाही, तिला खाणाऱ्या किड्यांकडून येतो. रुईच्या कुळातल्या कित्येक वनस्पतींत शिरांच्या सोबतीने चिकाच्या वाहिन्या धावतात. पान चावले की त्या वाहिन्यांतून दाबाखालचा चीक उसळतो आणि अळीचे तोंड चिकटून जाते. अमेरिकेत मिल्कवीड नावाची रुईची नातेवाईक असते. तिच्यावर जगणारी मोनार्क फुलपाखराची अळी जेवायला बसण्याआधी एक काम करते. ती मध्यशिरेवर किंवा तिच्या फाट्यांवर दात चालवून त्या कापते, चीक वाहून जाऊ देते आणि मग घावाच्या पुढचा, चीक आटलेला भाग निवांत खाते. या वर्तनावर डेव्हिड डुसोर्ड आणि थॉमस आयझनर यांनी १९८७ साली ‘सायन्स’मध्ये लिहिले. पुढे डुसोर्ड आणि रॉबर्ट डेनो यांनी १९९१ मध्ये अनेक वनस्पती आणि त्यांच्यावरचे किडे ताडून पाहिले. ज्या वनस्पतींत चिकाच्या वाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या फुटतात, त्यांच्यावरचे किडे एखादी शीर कापून भागवतात. ज्यांच्यात त्या वाहिन्या जाळीने जोडलेल्या आहेत तिथे एक शीर कापून काहीच साधत नाही, कारण चीक बाजूने वळसा घालून येतो. तिथले किडे पानाच्या पात्यातून आडवा चर खणतात, या कडेपासून त्या कडेपर्यंत. भोपळ्याच्या कुळातल्या वेलींवरचा एपिलाक्ना भुंगेरा तर पानावर गोल चर काढतो आणि त्या वर्तुळातलेच तेवढे खातो. हे चित्र मनात नीट उभे करावे. काही मिलिमीटरचा किडा, त्याला भूक लागलेली, आणि खायला सुरुवात करण्याआधी तो मोठ्या कष्टाने अख्खे वर्तुळ कोरतो आहे. फांदीची रचना असती तर त्याचे काम चार चाव्यांत झाले असते. जाळीने त्याच्यावर लादलेली ही मजुरी आहे. कुणी म्हणेल, या चिकाच्या वाहिन्या आहेत, पाण्याच्या शिरा नव्हेत. खरे आहे. पण वाहणारा पदार्थ कोणता यावर हा हिशेब अवलंबूनच नाही. बुंध्यापाशी एक घाव घालून पुढचे सगळे तोडता येते की चारही बाजूंनी वेढा घालावा लागतो, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर किड्याच्या वागण्याने दिले आहे.

आता पंखाकडे वळू. मराठीत हाताची शीर, पानाची शीर आणि चतुराच्या पंखातली शीर यांना शब्द एकच आहे. शब्द सोयीचा, पण फसवाही. पानाची शीर ही मुळात नळी आहे; वाहून नेणे हा तिचा धर्म. पंखातली शीर ही मुळात पोकळ काठी आहे. पंख म्हणजे कायटिनयुक्त कवचाचे दोन थर एकमेकांना चिकटून झालेला, काही मायक्रॉन जाडीचा पडदा, आणि शिरा म्हणजे तो ताणून धरणारी चौकट. काठीच्या पोकळीतून कीटकाचे रक्त हळूहळू फिरते, श्वासनळ्या आणि मज्जातंतूही जातात. रक्त थांबले तर पंख वाळून ठिसूळ होतो, म्हणून हे वाहणे फुकाचे नाही. पण पानासारखी प्रत्येक पाव मिलिमीटरवर पाणी पोचवण्याची घाई इथे नाही. वंशाचे नाते तर मुळीच नाही. असे असूनही श्रावण-भाद्रपदात माळावर घिरट्या घालणाऱ्या चतुराचा गळून पडलेला पंख पिंपळाच्या जाळीशेजारी ठेवला तर दोन्हींत खिडक्यांची तीच दाटी दिसते. पंखाच्या पुढच्या कडेला जाड शिरा पन्हळी पत्र्यासारख्या वर-खाली दुमडलेल्या, त्यांच्यामध्ये लांबट चौकोनी घरे. मागच्या बाजूला शिरा नाजूक होतात आणि घरे पाच-सहा कोनांची, मधाच्या पोळ्याच्या वळणावर जाणारी. डार्सी टॉमसन यांनी १९१७ च्या आपल्या ग्रंथात याच घरांकडे लक्ष वेधले होते. नाजूक भिंती एकमेकींना भेटतात तिथे कोन १२० अंशांच्या आसपास, आणि नाजूक भिंत जाड शिरेला भेटते तिथे काटकोन, साबणाच्या फेसात असतात तसे. पाणी पोचवण्याचे कारण इथे लागू नाही, मग ही जाळी कशासाठी?

उत्तराचा मोठा भाग टोळाने दिला. मे २०२० मध्ये विदर्भात उतरलेल्या झुंडी ज्या वाळवंटी टोळाच्या होत्या, त्याच जातीच्या टोळाचे मागचे पंख डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात यान-हेनिंग डिर्क्स आणि डेव्हिड टेलर यांनी फाडून पाहिले. पंखाच्या पडद्याला बारीक चीर द्यायची, दोन्ही बाजूंनी ओढायचे आणि चीर कशी धावते ते पाहायचे. नुसता पडदा फार चिवट नव्हता. पण धावती चीर आडव्या शिरेपाशी आली की अडायची आणि पुढे जायला तिला जास्त जोर लागायचा. शिरांमुळे पंखाचा तडा सोसण्याचा गुण सरासरी सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेला त्यांना आढळला. २०१२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यातली खरी गोम पुढे आहे. प्रत्येक पदार्थात चिरेची एक धोक्याची लांबी असते. त्याहून लहान चीर असेल तर पदार्थ जवळपास पूर्ण ताकदीने टिकतो, त्याहून लांबली की चिरेमुळेच फाटतो. टोळाच्या पडद्यासाठी ही लांबी सुमारे १ मिलिमीटर निघते. आणि पंखातल्या घरांचा सर्वांत जास्त आढळणारा आकारही सुमारे १ मिलिमीटरच. घरे याहून मोठी असती तर शिरेला गाठण्याआधीच चीर हाताबाहेर गेली असती. याहून लहान असती तर शिरांचे वजन वाढले असते आणि ताकदीत मात्र फारशी भर पडली नसती, आणि पंखाच्या टोकाकडचा प्रत्येक कण सेकंदाला कितीतरी वेळा वर-खाली हलवावा लागतो हे विसरून चालत नाही. इथे जाळीची किंमत वजनात मोजलेली आहे आणि ती काटेकोरपणे मोजलेली दिसते. पंखही पानासारखाच न भरून येणारा आहे. कीटकाला उडते पंख फुटले की तो पुन्हा कात टाकत नाही (मेफ्लाय हा एकच अपवाद), म्हणून पंखाला पडलेली फाट मरेपर्यंत तशीच राहते. गवताच्या पात्यांना, काट्यांना घासत, झोंबाझोंबी करत त्याला त्याच पंखांवर निभावायचे असते.

पण मग माश्या, मधमाश्या, फुलपाखरे यांचे काय? त्यांच्या पंखांत शिरा मोजक्याच, आणि आडव्या शिरा तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जाळी इतकी कामाची असेल तर त्यांनी ती का टाकली? आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या एका भागाचे उत्तर वर आलेल्या मिलिमीटरातच आहे. चीर धोक्याची व्हायला जागा लागते. कॅल्सिड गटातल्या गांधीलमाश्यांच्या दूरच्या चिमुकल्या भाऊबंदांचे पंख एक-दोन मिलिमीटरचे, आणि त्यांत पुढच्या कडेला जवळजवळ एकच शीर. अख्खा पंखच एका घराएवढा असेल तर चिरेला अडवायला भिंती घालायच्या कुठे? जसजसा पंख मोठा तसतशी ही सूट संपते. तरी बंबलबी आणि गांधीलमाशी यांचे पंख सेंटिमीटरच्या घरातले आहेत आणि त्यांनाही दाट जाळी नाही, हे कबूल केले पाहिजे. तिथे निसर्गाने दुसरी वाट धरली. अँड्र्यू माउंटकॅसल आणि स्टेसी कोम्ब्स यांनी २०१४ साली दाखवले की एका जातीच्या गांधीलमाशीच्या पंखाच्या पुढच्या शिरेत लवचीक सांधा असतो. पंख काट्याला आपटला की टोक त्या सांध्यात दुमडते आणि पुन्हा सरळ होते. त्यांनी सांध्यावर खपच्ची बसवून तो ताठ केला, तेव्हा तेच पंख जास्त झिजले. बंबलबीच्या पंखात शिरा मुळात टोकापर्यंत जातच नाहीत, त्यामुळे टोक मऊ राहते. म्हणजे न भरून येणाऱ्या पडद्याने इजेची सोय करायचीच, पण तडा अडवणे हा एकच मार्ग नाही, आघात चुकवणे हाही मार्ग आहे. याने माझे म्हणणे थोडे आखूड होते, मोडत नाही.

केळीच्या पानात तिसराच पर्याय दिसतो. केळीची पाने वाऱ्याने मध्यशिरेपर्यंत फाटून झिरमिळ्या झालेली आपण पाहतो. तिथल्या उपशिरा मध्यशिरेपासून कडेपर्यंत एकमेकींना समांतर धावतात, आणि फाट नेमकी दोन उपशिरांमधून सरळ जाते. प्रत्येक पट्टी मध्यशिरेला स्वतंत्रपणे जोडलेली असल्यामुळे फाटल्यावरही जिवंत राहते, आणि झिरमिळ्या झालेले पान वाऱ्याला कमी अडते. म्हणून तर जेवायला पान हवे असले की आडोशाचे, न फाटलेले शोधावे लागते. इथे फाटणे हीच तरतूद आहे. याच्या उलट टोकाला जांभळाचे पान. ते उन्हाकडे धरून पाहावे. सगळ्या उपशिरांची टोके गोळा करत पानाच्या कडेला लागून एक बारीक शीर अखंड धावताना दिसते, जणू कापडाच्या काठाला घातलेली दुमड.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. जाळी कशासाठी हा प्रश्नच चुकीचा असेल तर? ती वाढीच्या ओघात आपोआप झालेली असेल, कशासाठीच नसेल? या मताला पाठबळ कमी नाही. वाळणाऱ्या चिखलात पडणाऱ्या भेगाही आधीच्या भेगेला काटकोनात मिळतात आणि खिडक्यांत खिडक्या करतात. इव्ह कुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पानाच्या शिरांचा विचार याच अंगाने, वाढत्या पानातल्या ताणांवरून मांडला. चतुराच्या पंखासाठी २०१८ साली जॉर्डन हॉफमन, सेठ डोनो आणि सहकाऱ्यांनी सोपे प्रारूप दिले. जाड शिरांच्या मधल्या जागेत साधारण सारख्या अंतरावर काही केंद्रे निर्माण होतात, प्रत्येक केंद्र आपल्याभोवती शीर होऊ देत नाही, आणि दोन केंद्रांच्या मध्यावर भिंत उभी राहते. एवढ्यावर संगणकाने काढलेले पंख खऱ्या पंखांच्या फार जवळ आले. हे सगळे मला पटते, पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो पटत नाही. शीर कशी उमटते हे कळल्याने ती का टिकली हे कळत नाही. पानाच्या बाबतीत तर वाढीचा ओघ उलट दिशेचा आहे. जेरुसलेमचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वी साख्स यांनी दाखवले की ऑक्झिन हे संप्रेरक ज्या पेशींतून वाहते त्या पेशी ते आणखी सहज वाहू देतात, आणि असा प्रवाह स्वतःच आपला पाट कोरत जातो. पाट कोरणारे पाणी फांद्या करते, फेरे नव्हे. साख्स यांचा विचार पुढे नेताना दोन टोके जुळून बंद फेरा कसा होतो हीच गोष्ट समजावणे अवघड गेले. जे आपोआप होत नाही आणि तरी लाखो जातींत होते, त्याच्यामागे निवड असणार असे मानणे मला अधिक योग्य वाटते. पंखात केंद्रांचा खेळ जाळी देईल, पण केंद्रांमधले अंतर एका मिलिमीटरच्या आसपास का, हे तो खेळ सांगत नाही. ते चीर सांगते.

राहिला गिंको. फेऱ्यांशिवाय ज्याचा वंश कोट्यवधी वर्षे तगला त्याचे काय? तो तगला हे खरे; पण कोणत्या अटींवर, ते पाहावे. गिंकोची पाने किडींना फारशी आवडत नाहीत, म्हणून तर जपानी शहरांनी तो रस्त्यांच्या कडेला लावला आणि तो नेटका राहिला. शिवाय बिनफुलांच्या वनस्पतींच्या पानांत एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २ मिलिमीटर शिराच असतात, सपुष्पांच्या पाव हिश्शाने, आणि गिंको त्यांच्याच पंगतीतला. कमी पाण्यावर चालणारा, सावकाश संसार आहे तो. सपुष्प वनस्पतींतही फेरे टाकून दिलेली एक चिमुकली वनस्पती हिमालयात आणि चीनच्या डोंगरांत मिळते, सर्केस्टर नावाची. तिच्या शिरा गिंकोसारख्याच दोन-दोन फाट्यांनी फुटून मोकळ्या संपतात. ती आहे ओलसर सावलीतली, एका हंगामात उगवून मरून जाणारी. जिच्या पानाला फार दिवस काढायचेच नाहीत आणि पाण्याचा ताणही फारसा सोसायचा नाही, तिने दुसऱ्या वाटेचा खर्च वाचवला.

जाळी मात्र एकदाच सुचलेली गोष्ट नाही. सह्याद्रीत आढळणाऱ्या नीटम या वेलीला खरे फूल नसते, ती सायकसच्या बाजूची, पण तिचे पान पाहून कुणीही तिला सपुष्प समजेल इतकी जाळी तिने स्वतंत्रपणे मिळवली आहे. आणि त्याहून फार जुना दाखला नागपूरच्या उंबऱ्याशी आहे. तिथले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठीच्या परिसरातल्या खडकांतून गोळा केलेल्या वनस्पतींच्या ठशांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली प्रसिद्ध केले. त्यांत ग्लोसोप्टेरिसची पाने आहेत, जिभेच्या आकाराची, मधोमध ठसठशीत शीर असलेली. ही वनस्पती पर्मियन काळातली, सुमारे २५ कोटी वर्षांहून जुनी. पहिले फूल पृथ्वीवर उमलायला तेव्हा अजून फार अवकाश होता. त्या ठशावर तिरपा उजेड पाडला की मध्यशिरेपासून कडेकडे निघालेल्या बारीक शिरा दिसतात, आणि त्या वाटेत ठिकठिकाणी एकमेकींना मिळून लांबट घरे करतात. जगात इतरत्र मिळालेल्या ग्लोसोप्टेरिसच्या काही पानांच्या कडेला अर्धगोल खाचा आहेत, कुरतडणाऱ्या किड्यांनी पान जिवंत असताना घेतलेल्या घासांच्या.